रिचार्जला बांधलेली दूरचित्रवाणी

आयपीएल क्रिकेट स्पर्धेचा २०२५ चा मोसम २२ मार्च रोजी सुरू झाला. त्याआधी पाच दिवस जिओ कंपनीने जाहीर केले की, २९९ रुपये किंवा त्याहून अधिक रकमेचे रिचार्ज करणाऱ्या ग्राहकाला जिओहॉटस्टारवरील सामने नव्वद दिवस विनामूल्य पाहता येतील. ज्याला रिचार्जशी संबंध न ठेवता केवळ सामने पाहावयाचे होते, त्याच्यासाठी मोबाईलपुरते तीन महिन्यांचे शुल्क १४९ रुपये होते. जी वस्तू बाजारात दीडशे रुपयांना मिळते, ती फोनच्या रिचार्जबरोबर फुकट मिळणार असेल तर ग्राहकाने तक्रार कशाची करावी? वर्तमानपत्रांच्या बहुतेक रकान्यांतून हा प्रश्न असाच मांडला गेला आणि कोणता पॅक अधिक फायद्याचा, याच्या कोष्टकांपाशी चर्चा संपली. समाजवादी कार्यकर्त्याला मात्र तेथे थांबता येणार नाही. स्वस्त दूरचित्रवाणी चांगली की वाईट, हा वादाचा मुद्दाच नव्हे. ती स्वस्त कोणाच्या खर्चाने होते, किती काळ स्वस्त राहते, आणि ती ज्या दोरीने रिचार्जला बांधली आहे तिचे दुसरे टोक कोणाच्या हातात आहे, हे खरे प्रश्न आहेत.

प्रारंभीच एक मोह आवरला पाहिजे. कष्टकरी माणूस मोबाईलवर क्रिकेट पाहतो किंवा मालिका पाहतो म्हणून त्याला उपदेश करण्याचा मोह आपल्या चळवळीत नवा नाही. रात्रपाळीचा सुरक्षारक्षक, गावाकडे कुटुंब ठेवून शहरात राहणारा बांधकाम मजूर, थळातल्या कोपीत राहणारा ऊसतोड कामगार, यांना दिवसाच्या श्रमानंतर दोन घटका करमणूक हवी असते. तो त्यांचा हक्क आहे. ज्यांच्या दिवाणखान्यात मोठा पडदा आहे, त्यांनी या छोट्या पडद्याला नावे ठेवू नयेत. गेल्या दहा वर्षांत इंटरनेट स्वस्त झाले हेही मान्य केले पाहिजे. २०१४ च्या सुमारास एक जीबी डेटासाठी अडीचशे रुपयांहून अधिक मोजावे लागत. आज तो दर सरासरीने दहा रुपयांच्या आसपास आहे. तंत्रज्ञानाच्या प्रगतीचा हा लाभ गरिबांपर्यंत पोहोचला, ही इष्टच गोष्ट होय. आक्षेप आहे तो या लाभाची जी वसुली पुढे सुरू होते, तिच्याविषयी.

ती वसुली कशी होते हे पाहण्यासाठी थोडे मागे जावे लागेल. जिओने ५ सप्टेंबर २०१६ रोजी आपली सेवा सुरू केली आणि ३१ मार्च २०१७ पर्यंत ती जवळजवळ सर्वस्वी विनामूल्य ठेवली. याविरुद्ध एका प्रतिस्पर्धी कंपनीने स्पर्धा आयोगाकडे तक्रार नेली तेव्हा, नव्याने आलेली कंपनी बाजारात प्रबळ नाही आणि जी प्रबळ नाही तिने प्राबल्याचा गैरवापर केला असे म्हणता येत नाही, अशा आशयाचा निर्णय देऊन आयोगाने २०१७ च्या जूनमध्ये तक्रार निकालात काढली. कायद्याच्या चौकटीत हा युक्तिवाद बिनतोड होता. परंतु निकालाची शाई वाळते न वाळते तोच बाजाराचे रूप पालटले. रिलायन्स कम्युनिकेशन्सची मोबाईल सेवा बंद पडली, एअरसेल दिवाळखोरीत गेली, टेलिनॉर आणि टाटा यांचा मोबाईल व्यवसाय एअरटेलमध्ये विलीन झाला, आणि २०१८ च्या ऑगस्टमध्ये व्होडाफोन व आयडिया एकत्र आल्या. दहाच्या आसपास असलेल्या कंपन्यांमधून तीन खाजगी आणि एक दुबळी केलेली सार्वजनिक कंपनी उरली. त्यानंतर २०१९ च्या डिसेंबरमध्ये आणि पुढे २०२१ मध्ये दर वाढले. २०२४ च्या जुलैत तिन्ही खाजगी कंपन्यांनी काही दिवसांच्या अंतराने पुन्हा दरवाढ केली. जिओचे २३९ रुपयांचे रिचार्ज २९९ चे झाले, २०९ चे २४९ झाले, आणि सर्वांत स्वस्त मासिक पॅक १५५ वरून १८९ वर गेला. जिओला एका ग्राहकामागे महिन्याला मिळणारे सरासरी उत्पन्न २०२४ च्या मार्चअखेरच्या तिमाहीत १८१.७ रुपये होते. वर्षभराने ते २०६.२ रुपये झाले.

दूरचित्रवाणीच्या क्षेत्रात याच नाटकाचा दुसरा अंक घडला. २०२२ च्या जून महिन्यात आयपीएलच्या पुढील पाच वर्षांच्या प्रक्षेपण हक्कांचा लिलाव झाला आणि एकूण बोली ४८,३९० कोटी रुपयांवर गेली. भारतातील दूरचित्रवाणीचे हक्क डिस्नी स्टारने २३,५७५ कोटींना घेतले. इंटरनेटवरील प्रक्षेपणाचे हक्क रिलायन्स समूहातील व्हायकॉम १८ कडे गेले. २०२३ चा आयपीएलचा मोसम जिओसिनेमावर सर्वांना, कोणत्याही कंपनीचे सिम असले तरी, फुकट दाखविण्यात आला. त्याला उत्तर म्हणून डिस्नीच्या हॉटस्टारनेही त्या वर्षीची विश्वचषक स्पर्धा मोबाईलवर फुकट ठेवली. हॉटस्टारचे वर्गणीदार एका वर्षात दोन कोटींहून अधिक घटले. दोन बलाढ्य भांडवलदार समूहांच्या या झुंजीत प्रेक्षकाची चंगळ झाली यात शंका नाही. मात्र ही झुंज कायम चालणारी नव्हती. २०२४ च्या फेब्रुवारीत दोघांनी तह जाहीर केला, ऑगस्टमध्ये स्पर्धा आयोगाने काही वाहिन्या विकण्याच्या व क्रिकेटच्या जाहिराती एकत्र न बांधण्याच्या आश्वासनांवर त्यास मान्यता दिली, आणि १४ नोव्हेंबर २०२४ रोजी ७०,३५२ कोटी रुपये मूल्याची संयुक्त कंपनी अस्तित्वात आली. १४ फेब्रुवारी २०२५ रोजी दोन्ही सेवा एक होऊन जिओहॉटस्टार जन्मास आली. महिनाभरातच, २०२३ साली जे सर्वांना फुकट होते ते जिओच्या २९९ रुपयांच्या रिचार्जला बांधले गेले.

या घटनाक्रमाचा अर्थ समजून घेतला पाहिजे. लढाई चालू असते तोवर ‘फुकट’ हे शस्त्र असते, आणि लढाई संपली की ‘पॅकबरोबर फुकट’ ही तहाची अट होते. ग्राहकाच्या दृष्टीने दोन्हीकडे शब्द एकच असला तरी अर्थ भिन्न आहे. पहिल्या स्थितीत त्याला पर्याय असतो, दुसऱ्या स्थितीत तो राहत नाही.

येथे कोणी असे विचारील की, दोन वस्तू एकत्र विकण्यात वावगे ते काय? वाणी साबणाच्या दोन वड्यांवर एक वडी देतोच. परंतु जोडविक्रीचे सर्व प्रकार सारखे नसतात. गॅसजोडणीची वर्षानुवर्षे प्रतीक्षा करावी लागे त्या काळात जोडणीबरोबर शेगडीही गळ्यात मारली जाई, हे अनेक वाचकांना आठवत असेल. शेगडी वाईट होती असे नव्हे. पण गॅस अन्यत्र मिळत नव्हता म्हणून शेगडी घ्यावी लागे. एका वस्तूवरील पकड दुसऱ्या वस्तूच्या विक्रीसाठी वापरणे, हे या व्यवहाराचे मर्म होते. मोबाईलची जोडणी आज गॅसइतकीच अपरिहार्य झाली आहे. रेशनच्या ओळखपडताळणीपासून बँकेच्या संकेतांकापर्यंत आणि मजुरीच्या निरोपापासून मुलांच्या अभ्यासापर्यंत सर्व काही तिच्यावर अवलंबून आहे.

या व्यवहाराचे अंकगणित एका साध्या उदाहरणाने स्पष्ट होईल. दोन ग्राहक आहेत अशी कल्पना करू. पहिल्याला फोनसेवेचे मोल महिना २५० रुपये वाटते आणि दूरचित्रवाणीचे ५० रुपये. दुसऱ्याला फोनवाचून चालतच नाही, म्हणून तो फोनसाठी २९० रुपयेही देईल. दूरचित्रवाणी मात्र त्याच्या लेखी १० रुपयांचीच. दोन्ही वस्तू वेगवेगळ्या विकल्या तर कंपनीला दोन्ही ग्राहक राखण्यासाठी फोनचा दर २५० ठेवावा लागेल. पहिला आणखी ५० रुपये देऊन दूरचित्रवाणी घेईल, दुसरा घेणार नाही. कंपनीचे एकूण उत्पन्न ५५० रुपये. आता दोन्ही वस्तूंचे गाठोडे ३०० रुपयांना विकले तर दोघेही ते घेतील आणि उत्पन्न ६०० होईल. वाढलेले ५० रुपये कोठून आले? पहिला ग्राहक पूर्वीही ३०० देत होता, आताही ३०० देतो. सगळा भार पडला तो दुसऱ्यावर, म्हणजे ज्याला दूरचित्रवाणी जवळजवळ नकोच होती पण फोनवाचून ज्याचे अडत होते त्याच्यावर. सामने पाहणाऱ्याला जे फुकट वाटते त्याची किंमत सामने न पाहणारा देत असतो. आणि हा न पाहणारा कोण असतो? घरकाम करणारी बाई, मुलाच्या फोनची वाट पाहणारी गावातील म्हातारी, पहाटे गिऱ्हाइकांचे निरोप घेणारा भाजीवाला. प्रत्यक्षातील आकडे निराळे असतील, तरी तत्त्व हेच राहते.

अर्थात कंपन्यांचा लाभ एवढ्यावरच संपत नाही. जो ग्राहक मालिकेच्या मध्यावर आहे तो सिम बदलण्यास कचरतो. तो काय पाहतो, किती वेळ पाहतो, कोठे थांबतो, याची नोंद होते आणि ती जाहिरातदारांच्या कामी येते. शिवाय सामना फुकट असला तरी डेटा फुकट नसतो. मध्यम प्रतीच्या चित्राला ताशी पाऊण जीबीच्या आसपास डेटा लागतो, आणि सामना चालतो साडेतीन-चार तास. २९९ च्या पॅकमध्ये दिवसाला दीड जीबी मिळतो. म्हणजे पहिला डाव संपता संपता नेटपॅक आटतो, चित्र थिजते आणि गिऱ्हाईक वरच्या पॅककडे किंवा जादा डेटाकडे वळते. फुकटची वस्तू ही विकतच्या वस्तूची दलाल ठरते, ती अशी.

गरीब कुटुंबाच्या अंदाजपत्रकात या सर्वाचे वजन किती? पॅक २८ दिवसांचा असतो, म्हणून वर्षात बारा नव्हे, तेरा रिचार्ज करावे लागतात. २९९ रुपयांप्रमाणे वर्षाला ३,८८७ रुपये होतात. २०२५-२६ साली महाराष्ट्रात केंद्रीय रोजगार हमी योजनेची दिवसाची मजुरी ३१२ रुपये होती. ज्या महाराष्ट्राने रोजगार हमीचा कायदा देशाला घालून दिला, त्या महाराष्ट्रातील हमीच्या मजुराला एक फोन चालू ठेवण्यासाठी वर्षातून साडेबारा दिवस खडी फोडावी लागते, असा याचा हिशेब झाला. घरात दोन फोन असतील तर पंचवीस दिवस. १९७२ साली मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर आदींच्या नेतृत्वाखाली महागाई प्रतिकार संयुक्त महिला समितीने लाटणे मोर्चे काढले, तेव्हा तेल, रवा, साखर यांच्या भावांवरून स्त्रिया रस्त्यावर उतरल्या. आज त्या यादीत रिचार्जची भर पडली आहे. मात्र त्यावर तसे मोठे मोर्चे निघालेले दिसत नाहीत. गाठोड्यात नेमके कशाचे किती पैसे लागतात हे दिसेनासे होते, हे त्याचे एक मोठे कारण. दिसत नाही त्या भाववाढीविरुद्ध लोक संघटित होत नाहीत.

या प्रश्नाला तांत्रिक बाजूही आहे, आणि ती अर्थशास्त्राशी निगडित आहे. मनोऱ्यावरून वा उपग्रहावरून होणारे प्रक्षेपण एकाने पाहिले काय किंवा एक कोटींनी पाहिले काय, त्याचा खर्च तोच राहतो. सूर्यप्रकाशाप्रमाणे एकाने घेतल्याने दुसऱ्याचा वाटा कमी होत नाही. अर्थशास्त्रात ज्याला सार्वजनिक वस्तू म्हणतात तिचे हे जवळजवळ निर्भेळ उदाहरण होय. इंटरनेटवरील प्रक्षेपणात प्रत्येक प्रेक्षकाला स्वतंत्र प्रवाह पाठवावा लागतो आणि प्रत्येकाच्या डेटाचे माप वेगळे पडते. म्हणजे जी वस्तू स्वभावतः सामाईक होती, तिला माप लावून खाजगी करण्याची सोय या तंत्राने झाली. १९७५-७६ साली ‘साइट’ या उपग्रह प्रयोगात सहा राज्यांतील सुमारे २,४०० गावांत सार्वजनिक दूरचित्रवाणी संच ठेवण्यात आले आणि सारा गाव एका संचापुढे बसला. तो काळ परत यावा असे कोणी म्हणणार नाही. प्रत्येकाच्या हाती पडदा असणे ही प्रगतीच आहे. परंतु पडदा वेगळा झाला म्हणून प्रक्षेपणाची मालकीही वेगळी व्हावी, असे मात्र तंत्रज्ञान सांगत नाही. २००४ च्या डिसेंबरमध्ये सुरू झालेली दूरदर्शनची डीटीएच सेवा, आजचे डीडी फ्री डिश, याचे जिवंत प्रमाण आहे. एकदा छत्री आणि डबा यांचा खर्च केला की दरमहा काही द्यावे लागत नाही. चार कोटींहून अधिक घरे ती वापरतात असा अंदाज आहे. खाजगी डीटीएचचे ग्राहक २०२० च्या अखेरीस सुमारे सात कोटी होते, ते २०२५ पर्यंत सहा कोटींच्या खाली आले. त्याच काळात ही वर्गणीविरहित सार्वजनिक सेवा टिकून राहिली. सेवा टाकाऊ असती तर असे घडले नसते. आता मोबाईलवर इंटरनेटविना थेट प्रक्षेपण पोहोचविण्याच्या तंत्राच्या चाचण्याही आयआयटी कानपूर व प्रसार भारती यांच्या सहभागाने झाल्या आहेत. हे तंत्र सिद्धीस गेले तर सामन्यासाठी डेटा लागणारच नाही. त्याला दूरसंचार कंपन्यांचा विरोध का आहे, हे वेगळे सांगण्याची गरज नाही.

योगायोग असा की, प्रक्षेपणाच्या मालकीविषयी भारतातील सर्वांत महत्त्वाचा न्यायनिर्णयही क्रिकेटमधूनच निघाला. १९९३ च्या हीरो चषक स्पर्धेच्या प्रक्षेपणावरून दूरदर्शन आणि बंगाल क्रिकेट संघटना यांच्यात वाद झाला. ९ फेब्रुवारी १९९५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला की, हवेतील लहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे आणि तिचा वापर लोकहितार्थ व लोकांच्या अभिव्यक्तिस्वातंत्र्याला पोषक असाच झाला पाहिजे. या निर्णयाच्या लेखकांत न्यायमूर्ती पी. बी. सावंत होते, ही महाराष्ट्राने अभिमानाने स्मरावी अशी गोष्ट आहे. सरकारची मक्तेदारी नको, तशीच खाजगी धनिकांचीही नको, हा त्या निर्णयाचा आशय होता. तीस वर्षांनंतर त्यातील पहिला अर्धा भाग पुरेपूर अमलात आला आणि दुसरा अर्धा विसरला गेला. आज फोनच्या लहरी ज्या समूहाकडे, त्याच समूहाकडे क्रिकेटचे हक्क, शंभराहून अधिक वाहिन्या आणि त्या पाहण्याचे मोबाईलवरील दुकानही आहे. मराठी घरातील संध्याकाळ व्यापून असलेली स्टार प्रवाह वाहिनी याच छत्राखाली आली. रस्ताही त्याचा, गाडीही त्याची आणि माल विकणारा बाजारही त्याचाच, अशी ही स्थिती आहे. तेथे छोट्या निर्मात्याला, स्वतंत्र वृत्तवाहिनीला किंवा गल्लीतील केबलवाल्याला कोणत्या अटींवर जागा मिळेल, याचा विचार प्रत्येकाने करावा.

अशी साखळी अन्यत्रही बांधली गेली आहे, आणि तेथील अनुभव बोलका आहे. अमेरिकेत एटी अँड टी या दूरसंचार कंपनीने सुमारे ८५ अब्ज डॉलरना टाइम वॉर्नर ही प्रसारण कंपनी घ्यावयाचे ठरविले तेव्हा तेथील न्याय खात्याने विरोध केला. एकत्रीकरणाने ग्राहकाला स्वस्त सेवा मिळेल, असे कंपनीचे म्हणणे होते. २०१८ च्या जूनमध्ये न्यायालयाने मान्यता दिली. लगोलग कंपनीने महिना १५ डॉलरची, पण अमर्याद डेटाच्या पॅकबरोबर फुकट, अशी थेट दूरचित्रवाणीची सेवा काढली. त्याच उन्हाळ्यात कंपनीच्या दुसऱ्या इंटरनेट दूरचित्रवाणी सेवेचा दर पाच डॉलरने वाढला आणि पुढल्या वर्षी आणखी दहा डॉलरने. २०२२ साली कंपनीने तो सारा मनोरंजन व्यवसाय अंगावरून झटकून टाकला. जेथे स्पर्धाविषयक कायद्याची परंपरा शंभर वर्षांहून जुनी आहे तेथे ही गत, तर आपल्याकडील आश्वासनांवर किती विसंबावे?

यावर आपल्या मंडळींच्या ओठी येणारे पहिले उत्तर म्हणजे सर्व काही सरकारने ताब्यात घ्यावे. हे उत्तर अपुरे आहे, हे सांगण्याचा अधिकार आणीबाणीत तुरुंग भोगलेल्या समाजवाद्यांइतका दुसऱ्या कोणाला नाही. १९७५ ते ७७ या काळात आकाशवाणी आणि दूरदर्शन यांचे काय झाले हे त्यांनी पाहिले आहे. जनता सरकारने नेमलेल्या वर्गीस समितीने १९७८ साली स्वायत्त प्रसारणाची योजना मांडली. त्यानंतर बारा वर्षांनी कायदा झाला आणि तो अमलात येण्यास १९९७ साल उजाडले. प्रसार भारती आजही खऱ्या अर्थाने स्वायत्त नाही. तेव्हा खाजगी मक्तेदारीच्या जागी सरकारी कर्णा, हा पर्याय होऊ शकत नाही. त्याचप्रमाणे प्रसारणाचे नियमन करण्याच्या नावाखाली मजकुरावर अंकुश ठेवण्याचे प्रयत्न होतात, त्यांनाही ठाम विरोध केला पाहिजे. नियमन हवे ते मालकीचे आणि दरांचे, विचारांचे नव्हे.

सार्वजनिक क्षेत्राकडे पाहिले तर चित्र निराशेचे आहे, पण आशेला अगदीच जागा नाही असेही नाही. बीएसएनएलला फोर-जीच्या स्पर्धेत वर्षानुवर्षे मागे ठेवण्यात आले. २०२० च्या जानेवारीत तिचे सुमारे साडेअठ्ठ्याहत्तर हजार कर्मचारी एकाच वेळी स्वेच्छानिवृत्तीच्या नावाने बाहेर पडले. स्वदेशी तंत्रावर आधारलेली तिची फोर-जी सेवा देशभर सुरू झाल्याची घोषणा झाली ती २०२५ च्या सप्टेंबरमध्ये. दुसरीकडे, खाजगी व्होडाफोन आयडियाची थकबाकी भागभांडवलात रूपांतरित करून सरकार २०२५ च्या एप्रिलमध्ये सुमारे ४९ टक्क्यांचे मालक झाले. तोटा समाजाचा आणि व्यवस्थापन खाजगी, हा मिश्र अर्थव्यवस्थेचा विपरीत अवतार होय. २०२४ च्या नोव्हेंबरमध्ये गोव्यातील चित्रपट महोत्सवात प्रसार भारतीने ‘वेव्हज’ ही आपली इंटरनेटवरील सेवा सुरू केली. पुढे २०२५ च्या सुरुवातीस बीएसएनएलने ‘बीआयटीव्ही’ या नावाने साडेचारशेहून अधिक वाहिन्या आपल्या सिमवर विनामूल्य देऊ केल्या. स्वस्त थेट दूरचित्रवाणी सार्वजनिक क्षेत्रालाही देता येते, हे यावरून सिद्ध झाले. मात्र खाजगी कंपनीच्या गाठोड्याचीच नक्कल करून भागणार नाही. गावात मनोरे उभे राहिले, जोडणी टिकली आणि कर्मचारी नेमले गेले, तरच ही सेवा लोक स्वीकारतील.

मग मागावयाचे काय? पहिली मागणी अशी की, प्रत्येक पॅकमध्ये बोलण्याचे, डेटाचे व मनोरंजनाचे पैसे किती, हे वेगवेगळे सांगण्याची सक्ती व्हावी आणि मनोरंजन वगळून तोच पॅक त्या प्रमाणात कमी दराने घेण्याचा हक्क असावा. हे अशक्य नाही. २०२४ च्या डिसेंबरमध्ये ट्रायने, ज्यांना डेटा नको त्यांच्यासाठी केवळ बोलणे व संदेश यांचे स्वतंत्र पॅक ठेवण्याचा नियम केला आणि पुढल्याच महिन्यात तसे पॅक बाजारात आले. गाठोडे सोडता येते, हे तत्त्व नियामकाने तेथे मान्य केले आहे. ते पुढे न्यावयाचे आहे. दुसरी मागणी महिन्याची. २०२२ च्या जानेवारीत ट्रायने तीस दिवसांचा निदान एक पॅक ठेवणे बंधनकारक केले. सर्वच मासिक पॅक कॅलेंडरच्या महिन्याचे झाले तर तेरावा रिचार्ज नाहीसा होईल. तिसरी मागणी खेळांच्या प्रक्षेपणाची. २००७ च्या कायद्याने राष्ट्रीय महत्त्वाच्या सामन्यांचे प्रक्षेपण प्रसार भारतीला देणे बंधनकारक आहे. पण कायद्याची भाषा दूरदर्शनच्या मनोऱ्यांपुरती आणि डीटीएचपुरतीच आहे. हातातील पडदा तीत नाही. तो आणला पाहिजे आणि आयपीएलसारख्या स्पर्धेचा निदान अंतिम सामना त्या यादीत घातला पाहिजे. चौथी आणि सर्वांत मूलगामी मागणी म्हणजे वाहक आणि माल यांची फारकत. ज्याच्याकडे देशाच्या दूरसंचाराचा मोठा हिस्सा आहे, त्याला प्रसारणात किती मालकी ठेवता येईल यावर कायद्याने मर्यादा असावी. २०१६ च्या फेब्रुवारीत ट्रायने मजकुरानुसार डेटाचे दर वेगळे ठेवण्यास मनाई केली, तेव्हा बलाढ्य परदेशी कंपनीची ‘फ्री बेसिक्स’ची योजना लोकांच्या रेट्यामुळे मागे घ्यावी लागली. तीही गरिबांना फुकट इंटरनेट देण्याच्या नावानेच आली होती, याचे विस्मरण होऊ नये.

या मागण्या दिल्लीतील कचेऱ्यांत आपोआप पोहोचणार नाहीत. त्यासाठी कार्यकर्त्यांनी वस्तीवस्तीतील रिचार्जच्या दुकानापासून प्रारंभ करावा. पन्नास घरांचा हिशेब मांडावा: घरात फोन किती, वर्षात रिचार्ज किती वेळा, रक्कम किती, आणि पॅकबरोबर आलेल्या वाहिन्या प्रत्यक्षात कोण पाहतो. ट्राय आपल्या प्रस्तावांवर जनतेची मते मागविते. कंपन्या तेथे वकिलांच्या फौजा उभ्या करतात आणि जनतेची खुर्ची रिकामी राहते. युनियन, महिला मंडळे, ग्राहक संघटना यांनी आपापले हिशेब तेथे मराठीतून पाठवावेत. भाव बांधून मागण्याची परंपरा आपल्या चळवळीला नवी नाही. वस्तू तेवढी नवी आहे.

सामना जरूर पाहावा. मैदानावरील खेळाचा आनंद कोणा एका समूहाच्या कृपेने मिळत नसतो. तो खेळाडूंच्या श्रमातून आणि प्रेक्षकांच्या प्रेमातून निर्माण होतो. ज्या लहरींवरून तो घराघरात येतो त्या लोकांच्या आहेत, हे देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने सांगून ठेवले आहे. आपल्याच मालकीच्या रस्त्यावरून आपल्याच घरी आलेल्या वस्तूसाठी कोणाचे आभार मानण्याचे कारण नाही. तिचा हिशेब मागण्याचा मात्र प्रत्येकाला पूर्ण अधिकार आहे, आणि तो मागितला गेला पाहिजे.